पेलेट स्टोव्हच्या पोटात नक्की काय चालतं? (आणि माझा मधेच का विझतो?)

सांजसावली
नमस्कार मंडळी. घरी पेलेट स्टोव्ह आहे, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाच्या छोट्या कांड्यांवर (पेलेट) चालणारी विजेच्या नियंत्रणाची शेगडी, हा तिसरा हिवाळा. आतापर्यंत बटण दाबलं की पेटायचा, त्यामुळे आत डोकवायची वेळच आली नाही. यंदा मात्र एक कटकट सुरू झालीय. पेटतो व्यवस्थित, छान पिवळा जाळ येतो, खोली उबायला लागते आणि मग पेलेट पडायचेच थांबतात, जाळ हळूहळू खाली बसतो आणि विझतो. धुराचा पंखा मात्र नंतरही बराच वेळ फिरत राहतो. परत चालू केला की परत तेच.
हॉपर भरलेलं आहे, जळणाच्या भांड्यातली राख मी रोज काढते, काच पुसते. मेकॅनिक यायला अजून आठवडा आहे. पण तो आला आणि 'हा भाग गेलाय, बदला' म्हणाला की मान डोलवायची, एवढंच मला करायचं नाहीये. घरात रात्रभर आग सांभाळणारी वस्तू आहे, तिचा कुठला भाग काय करतो हे मला समजून घ्यायचंय. ज्यांनी उघडून बघितलाय त्यांनी सविस्तर लिहा प्लीज, घाई नाही.

पहाटपाखरू
काहीच माहिती नाही पण वाचायला बसलोय. आमच्याकडचा धाकटा म्हणतो की घरात हा एकच पेशंट आहे जो गोळ्या वेळेवर घेतो :)

नटबोल्ट
ताई, चांगला प्रश्न. जमेल तसं लिहितो, मोठं होईल.
वरून सुरुवात करू. हॉपर म्हणजे पेलेटची टाकी. तिचा तळ उतरता असतो, पेलेट आपल्याच वजनाने खाली सरकतात आणि ऑगरच्या तोंडाशी येतात. ऑगर म्हणजे नळीत बसवलेलं लांब मळसूत्र, पाणी वर चढवायला आर्किमिडीजचा स्क्रू वापरायचे तीच कल्पना. त्याला गिअरवाली छोटी मोटर असते, मिनिटाला जेमतेम दोन-चार फेरे मारते. बऱ्याच स्टोव्हमधे ती सलग फिरतही नाही, दोन सेकंद चालू, चार सेकंद बंद अशी थांबत थांबत फिरते. तुम्ही आच वाढवता तेव्हा कंट्रोल बोर्ड फक्त 'चालू'चा वेळ वाढवतो. म्हणजे गॅसच्या नॉबचं काम इथे घड्याळ करतं.
ऑगर पेलेट तिरकस वर चढवतो आणि मग ते घसरगुंडीवरून खाली जळणाच्या भांड्यात टपटप पडतात. आधी वर चढवून मग टाकायचं कशाला, खालूनच ढकलायचे की, असं मला पहिल्यांदा वाटलं होतं. पण त्यात मोठी गोम आहे. आग आणि साठा यांच्यामधे मोकळी जागा राहते, त्यामुळे जाळ पेलेटच्या रांगेवरून मागे सरकत हॉपरपर्यंत जायचा धोका खूप कमी होतो. खालून किंवा बाजूने ढकलणारेही स्टोव्ह असतात, त्यात नवीन पेलेट जुनी राख कडेला सारतात म्हणून जास्त राखेचं जळण त्यांना चालतं, पण मग उलट्या आगीची काळजी वेगळी घ्यावी लागते.
भांडं बिडाचं किंवा जाड पोलादाचं, तळाला आणि बाजूंना भोकं. त्याच्या पाठीमागे इग्नायटर, बोटाएवढी जाड विजेची कांडी. ही कांडी पेलेटला शिवत नाही हे लक्षात घ्या. ती भोवतालची हवा प्रचंड तापवते, ती हवा भोकातून पहिल्या मूठभर पेलेटवर येते, आधी धूर, मग एकदम भप्प करून जाळ. पाच ते दहा मिनिटं लागतात. जाळ धरला की कांडीचं काम संपलं.
तुमच्याकडे पेटतोय म्हणजे कांडी ठीक, पहिले पेलेट पडले म्हणजे ऑगरची मोटरही ठीक. तेव्हा ऑगर बिघडलेला नाही, त्याला कोणीतरी थांबवतंय. कोण ते शोधायचं.

सांजसावली
@नटबोल्ट, खूप आभार! 'कोणीतरी थांबवतंय' हे वाचून एकदम डोक्यात प्रकाश पडला, मी दोन दिवस ऑगरमधे काय अडकलंय तेच शोधत होते.

भाताफुंकणी
नटबोल्ट यांनी जळणाची बाजू छान लिहिली, मी हवेची लिहितो, कारण माझ्या मते पेलेट स्टोव्ह हे मुळात हवेचं यंत्र आहे आणि बहुतेकांचं तिकडेच दुर्लक्ष होतं.
दोन पंखे असतात आणि त्यांचा एकमेकांशी संबंध नसतो. एक धुराचा पंखा. हा आगीवर फुंकर मारत नाही, तो आगीच्या पलीकडे बसून धूर ओढतो. त्यामुळे भट्टीत दाब खोलीपेक्षा जरासा कमी राहतो आणि बाहेरची हवा आपणहून आत येते, भांड्याच्या भोकांतून वर घुसते. फुंकणीने बाहेरून फुंकलं असतं तर दाराच्या प्रत्येक फटीतून धूर खोलीत आला असता. ओढल्यामुळे उलट होतं, फट असेल तर खोलीतली हवा आत जाते. म्हणून दाराला ती जाड दोरीसारखी गास्केट असते. ती सैल झाली की हवा भांड्यातून यायच्या ऐवजी दारातून शिरते, आगीखाली पोचतच नाही, जाळ आळसावतो, लांब नारिंगी शेंडे आणि टोकाला काजळी. हवा पुरेशी असली की जाळ आखूड, लख्ख पिवळा आणि चपळ दिसतो.
लाकडात मुळात जळतं काय हेही बघा. कोरड्या लाकडाचं वजन धरलं तर तीन चतुर्थांशाहून जास्त भाग तापल्यावर वायू होऊन निघतो, आपण जाळ म्हणतो तो त्या वायूचा. उरलेला कोळसा निखारा होऊन सावकाश जळतो. खालच्या भोकांतली हवा निखाऱ्याला पुरते, वरच्या भोकांतली वायूला. वरची भोकं बुजली तर वायू न जळताच धुराड्यात जातो, म्हणजे पैसेही गेले आणि काजळीही बसली. काही हवा काचेच्या आतल्या बाजूने खाली सोडलेली असते, काच स्वच्छ राहावी म्हणून.
दुसरा पंखा खोलीचा. तो खोलीतलीच हवा घेतो, धुराने तापलेल्या नळ्यांवरून फिरवतो आणि परत खोलीत सोडतो. धूर नळीच्या एका अंगाला, आपली हवा दुसऱ्या अंगाला, मधे लोखंड. नळ्यांवर राखेचा थर बसला की ऊब खोलीत यायच्या ऐवजी बाहेर जाते. त्यासाठी बऱ्याच स्टोव्हला ओढायचा खरवडदांडा असतो, तो रोज दोन-चार वेळा मागेपुढे करा.

चकमक
मला हे सगळं वाचून एक विचारायचंय, इतकी कटकट असेल तर साधी लाकडाची शेगडी काय वाईट? ओंडका टाकला, काडी लावली, झालं. ना मोटर ना बोर्ड. वीज गेली तरी चालते.

अंगणवेल
@चकमक, दोन्ही वापरलेत म्हणून सांगते. लाकडाच्या शेगडीत ओंडका एकदा पेटला की आच तुमच्या हातात फारशी राहत नाही, हवा कमी केली तर तो धुमसत राहतो आणि धुराडं काजळीने भरतं. पेलेटमधे एका वेळी मूठभरच जळण आगीत असतं, म्हणून आच सारखी ठेवता येते. आणि जळणाचा दर्जा दर वेळी तोच. चांगल्या पेलेटमधे ओलावा १० टक्क्यांच्या आत असतो, जाडी बहुधा ६ मिलिमीटर. एनप्लस या पेलेटच्या दर्जाच्या प्रमाणपत्राच्या 'ए१' प्रतीला राख जास्तीत जास्त ०.७ टक्के चालते. १५ किलोच्या पिशवीमागे १०५ ग्रॅम, म्हणजे साधारण एक वाटी.
विजेचं मात्र तुमचं बरोबर आहे, ती दुखरी बाजू आहेच.

चकमक
ठीक, मूठभर जळणाचा मुद्दा पटला. विजेवर कोणीतरी लिहा पण.

वाफाळ
वीज गेल्यावर काय होतं ते घरी अनुभवलंय म्हणून लिहितो. ऑगर तिथल्या तिथे थांबतो, त्यामुळे आग वाढत नाही, भांड्यात आहे तेवढंच जळतं. पण धुराचा पंखाही थांबतो, आणि ते मूठभर पेलेट धुमसतात. त्या धुराला वर जायला रस्ता हवा. आमची नळी भिंतीतून सरळ आडवी बाहेर काढली होती, उभी चढण जवळजवळ नव्हतीच, त्यामुळे धूर खोलीत आला आणि डोळे चुरचुरायला लागले, मुलांना उचलून बाहेर आणलं. नंतर आम्ही बाहेरून नळी उभी वर नेली. आता वीज गेली तरी गरम धूर आपल्या ओढीने वर जातो. शिवाय एक छोटा यूपीएस लावलाय. प्युअर साइन वेव्हवाला घ्या, साध्यावर आमच्या मोटरी घुमायला लागल्या होत्या. चालू असताना सगळं मिळून शंभरेक वॅट लागतात, पेटवतानाच इग्नायटर आणखी तीनशेच्या आसपास खातो, म्हणून यूपीएस फक्त आग शांतपणे विझेपर्यंत पंखा फिरवायला आहे असं धरून चाला.
आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म! धुराचा वास येतो तरी, या वायूला वासच नाही. त्याच दिवशी आणला आणि झोपायच्या खोलीजवळ लावला.

अंगणवेल
अलार्मला शंभर वेळा अनुमोदन. एक भर घालते, मोठ्या बंद कोठारात पेलेटचा ढीग नुसता पडून असला तरी त्यातून कार्बन मोनॉक्साइड सुटतो, विशेषतः ताजे असताना. माणसं दगावल्याचे प्रकार झालेत. घरात दोन-चार पिशव्यांना भीती नाही, पण ज्यांच्याकडे पेलेटची स्वतंत्र खोली आहे त्यांनी तिथे हवा खेळती ठेवा आणि आत शिरण्याआधी दार उघडून थांबा.

पहाटपाखरू
पेलेट चिकटवायला डिंक वगैरे घालतात का? त्याचा धूर वाईट नाही का?

नटबोल्ट
बहुतेक वेळा बाहेरचा डिंक लागत नाही. लाकडात लिग्निन असतं, भुसा दाबाखाली साच्याच्या भोकातून जाताना तापतो, ते लिग्निन मऊ पडतं आणि थंड झाल्यावर तेच धरून ठेवतं. म्हणून पेलेटला बाहेरून तुकतुकी असते. एक पेलेट पाण्यात टाकून बघा, आधी बुडेल आणि थोड्याच वेळात फुगून परत भुसा होईल. पिशवी ओल्या फरशीवर ठेवू नका ती याच कारणाने. ओल लागलेले पेलेट ऑगरमधे गेले तर फुगून नळीत दगडासारखे बसतात, ते छिन्नीने काढायला लागतात.

तिसरा_पाना
मूळ प्रश्नाकडे येऊ. ऑगरला थांबवणाऱ्या बऱ्याच जागा आहेत. हॉपरच्या झाकणाचा स्विच. व्हॅक्युम स्विच, भट्टीला बारीक रबरी नळीने जोडलेला असतो, ओढ कमी पडली की ऑगरची वीज तोडतो. अति तापल्यावर तोडणारी हाय लिमिट डिस्क. आणि जाळ खरंच धरलाय का हे बघणारी लो लिमिट डिस्क, काही स्टोव्हमधे तिच्या जागी तापमान मोजणारी तार असते.
सरळ उपाय सांगतो. एकेका स्विचच्या दोन वायरी काढून एकमेकींना जोडा, ज्याला जोडल्यावर स्टोव्ह चालतो तो खराब. दहा मिनिटांचं काम.

भाताफुंकणी
@तिसरा_पाना, हे असं उघड्यावर लिहू नका, कळकळीने सांगतोय. जोडलेली वायर 'नवीन भाग येईपर्यंत राहू दे' म्हणून तशीच राहते आणि घरातली माणसं त्याच खोलीत झोपतात. व्हॅक्युम स्विच तोडतोय याचा अर्थ निम्म्या वेळा तो चांगला असतो आणि धुराची वाट तुंबलेली असते. त्याला गप्प केलं की तुंबलेल्या धुराड्यावर तुम्ही आणखी जळण टाकत बसता.

तिसरा_पाना
मेकॅनिक असंच करतात हो, समोर उभं राहून, दोन मिनिटांसाठी. पण तुमचं म्हणणं मान्य, लिहिताना ते सांगायला हवं होतं. ताई, वायरी जोडू नका. त्यापेक्षा मल्टीमीटर असेल तर स्टोव्ह पूर्ण थंड करून, प्लग काढून, हाय लिमिट डिस्कच्या दोन टोकांत जोडणी आहे का तेवढंच बघा.

राखाडी_मांजर
मधेच शिरते. वायरींना हात लावायच्या आधी घड्याळ घ्या. बटण दाबल्यापासून ऑगर थांबेपर्यंत किती मिनिटं, हे तीन वेळा लिहून काढा, दर वेळी स्टोव्ह पूर्ण गार झाल्यावर. वेळ मागेपुढे होत असेल तर हवा, राख, वारा, अति उष्णता यातलं काहीतरी. पण वेळ दर वेळी हुबेहूब तीच आली तर ते बोर्डाचं घड्याळ आहे. पेटवताना बोर्ड ठरावीक मिनिटं डोळे मिटून पेलेट टाकतो, कारण तेव्हा धूर थंडच असणार. ती मुदत संपली की तो लो लिमिट डिस्कला विचारतो, धूर गरम झाला का? उत्तर नाही आलं तर त्याच्या लेखी जाळ धरलेलाच नाही आणि तो पेलेट बंद करतो. समोर ढणढण जाळ असला तरी, त्याला डोळे नाहीत, ती डिस्क हाच त्याचा डोळा.

नटबोल्ट
वा, हे मला सुचलं नव्हतं. ताई, नक्की करा.

हिवाळी_पाहुणा
आमच्याकडे तर उलटा प्रकार, पेलेट भरपूर पडतात पण भांड्याच्या तळाला काचेसारखा कडक पापुद्रा धरतो आणि दोन दिवसांत जाळ मंदावतो. रोज खरवडून काढतोय. हेही हवेचंच का?

भाताफुंकणी
तो क्लिंकर. राखेतली खनिजं वितळून चिकटतात. पेलेटमधे साल किंवा वाळू-माती जास्त असली की होतं, आणि एकदा भोकं बुजली की हवा कमी, राख तिथेच साचते, अजून क्लिंकर. दुसऱ्या पिशवीचे पेलेट वापरून बघा आणि भांडं बाहेर काढून प्रत्येक भोक खिळ्याने मोकळं करा. तरीही झालं तर दाराची गास्केट बघा. स्टोव्ह थंड असताना कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. अडकून आली तर ठीक, सुळकन निघाली तर तिथे फट आहे.

सांजसावली
आले परत, तीन दिवसांनी. वेळ मोजली. २१ मिनिटं, २१ मिनिटं, २१ मिनिटं! तिसऱ्या वेळी मी स्टोव्हसमोर फोन हातात धरून बसले होते आणि ऑगरची कुरकुर थांबली तेव्हा घड्याळात अगदी तोच आकडा.
मग काल सकाळी स्टोव्ह गार असताना प्लग काढला आणि बाजूचा पत्रा उघडला. आधी तर घरातली सगळी धूळ तिथे राहायला गेल्यासारखी दिसली, खोलीच्या पंख्याच्या पात्यांवर करड्या लोकरीसारखा थर. ती ब्रशने काढली. मग धुराच्या पंख्याच्या घरावर ती डिस्क सापडली. नाण्याएवढी आहे, पाठीवर दोन वायरी, दोन कानांना दोन स्क्रू. त्यातला एक स्क्रूच नव्हता, आणि दुसरा इतका सैल की बोट लावलं तर डिस्क डुलत होती. एका बाजूने पत्र्याला टेकलेली, दुसऱ्या बाजूने उचललेली, मधून नख जाईल एवढी फट. म्हणजे धूर तापत होता, पत्रा तापत होता, पण तिच्यापर्यंत ऊब पोचतच नव्हती. गेल्या हिवाळ्याच्या शेवटी साफसफाईला माणूस आला होता, तेव्हापासून असेल.
पडलेला स्क्रू खाली धुळीत सापडला!! दोन्ही घट्ट बसवले, पेटवला. साधारण १४ व्या मिनिटाला, पत्रा अजून उघडाच होता म्हणून ऐकू आलं, बारीकसं 'टिक' झालं. आणि २१ मिनिटं उलटून गेली, ऑगर कुरकुरतोय, पेलेट पडताहेत. काल संध्याकाळपासून सलग चालू आहे.
@राखाडी_मांजर, तुम्हाला काय सांगू, मी अक्षरशः टाळ्या वाजवल्या.

राखाडी_मांजर
मला तुमच्याइतकाच आनंद झालाय! तो 'टिक' म्हणजे आतली पत्री पलटली. दोन वेगळ्या धातूंचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात, तापल्यावर एक जास्त पसरतो, एक कमी, वाटीसारखी बाकदार पत्री एका ठरावीक तापमानाला उलटते आणि संपर्क जुळतो. थंड झाली की परत उलटते. आग विझल्यावर तुमचा धुराचा पंखा बराच वेळ फिरत असायचा ना, तो धूर निघून जावा म्हणून. आता विझवाल तेव्हा कान देऊन ऐका, पुष्कळ स्टोव्हमधे डिस्क गार झाल्याचा दुसरा 'टिक' आला की मगच पंखा थांबतो.
एक विनंती, पत्रा परत लावल्याशिवाय चालवू नका, आत फिरते भाग आहेत.

सांजसावली
पत्रा लगेच लावला. दोन शंका उरल्यात. मेकॅनिकला आता नको म्हणू का? आणि राख मी प्लास्टिकच्या डब्यात जमा करते, ते चालतं ना?

वाफाळ
प्लास्टिक अजिबात नको! राखेत निखारा दडलेला असतो, वरून गार वाटली तरी एक-दोन दिवसांनीही धग सापडते. धातूची झाकणाची बादली, तीही घराबाहेर, लाकडी फळीवर नाही. साधा व्हॅक्युम क्लीनरही वापरू नका, आतली पिशवी पेट घेते. राखेसाठीचा वेगळा मिळतो, तो सुद्धा राख पूर्ण थंड झाल्यावरच.

नटबोल्ट
मेकॅनिकला येऊ द्या. तुम्ही भांडं आणि काच रोज साफ करता, पण धुराची आतली वाट राहिली असणार. भट्टीच्या मागच्या पत्र्यांआड, धुराच्या पंख्याच्या पात्यांवर आणि नळीच्या टी-जोडात, तिथे उडती राख बसते. तीन हिवाळ्यांत बरीच साचली असेल. टीचं खालचं झाकण तुमच्यासमोर उघडायला सांगा, आणि व्हॅक्युम स्विचची रबरी नळी काढून आरपार मोकळी आहे का तेही बघायला सांगा.

सांजसावली
सांगते. बादली आजच आणली, झाकणासकट. आणि त्या माणसाला सगळ्यात आधी स्क्रू दाखवणार आहे.

हिवाळी_पाहुणा
@भाताफुंकणी, कागदाची पट्टी बिजागरीच्या बाजूला अडकली, कडीच्या बाजूला खालच्या कोपऱ्यात सुळकन निघाली. गास्केट नवीन लावताना जुना गोंद पूर्ण खरवडायचा का वरूनच लावू?

भाताफुंकणी
पूर्ण खरवडा, धातू दिसेपर्यंत. आणि दोरी बसवताना ताणू नका, ताणली की ती बारीक होते आणि परत त्याच कोपऱ्यात फट राहते. गोंद वाळेपर्यंत दार बंद ठेवा, पहिल्यांदा पेटवाल तेव्हा खिडकी उघडी ठेवा.